जीवदया लेनचे घाटकोपर

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी घाटकोपरविषयी लिहावे, अशी सूचना झाली तेव्हा प्रथम आठवली ती पश्चिमेकडील जीवदया लेन. २८ जून २०१८ रोजी तेथे एक छोटे विमान कोसळून पाच जण मृत्युमुखी पडले आणि हे नाव एकाएकी देशभर ऐकू आले. त्या नावामागील कार्य मात्र आपल्या नव्या पिढीस फारसे ठाऊक नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली पहिली आगगाडी डोंगर आणि खाडी यांमधील याच पट्ट्यातून गेली. पुढे कच्छ, काठेवाड व गुजरातेतील व्यापारी कुटुंबे येथे स्थिरावली. पेढी मुंबईत आणि बिऱ्हाड घाटकोपरला, असा अनेकांचा परिपाठ होता. त्या काळी घाटकोपर-किरोळ ही स्वतंत्र नगरपालिका होती. १९५० मध्ये हा भाग मुंबई महापालिकेत आला.

मुंबईच्या तबेल्यांत दुभती जनावरे दूरदूरच्या प्रांतांतून आणली जात. जनावर आटले की भाकड काळातील चारा आणि जागा यांचा खर्च तबेलेवाल्यास परवडत नसे. मग उत्तम जातीची गाय-म्हैससुद्धा कसायाच्या हाती जाई. हिंसेचे मूळ क्रौर्यात कमी आणि हिशेबात अधिक होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सुरू झालेल्या घाटकोपर सार्वजनिक जीवदया खात्याने हे ओळखले आणि जनावरांच्या संगोपनास दूधविक्रीची जोड दिली. त्याच सुमारास महात्मा गांधीही सांगत होते, की कसायाकडून गायी सोडवून गोरक्षा साधत नाही. त्यासाठी उत्तम दुग्धालये हवीत. आपल्या पूर्वसूरींची दया अशी हिशेबी होती, आणि हे मी गौरवानेच म्हणतो.

पुढे १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत उभी राहिली. १९७१ मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू झाला, तोही घाटकोपरपासून फार दूर नाही.

पश्चिमेलाच जगडूशानगर आहे. तेराव्या शतकातील दुष्काळात धान्याची कोठारे खुली करणाऱ्या भद्रेश्वरच्या जैन श्रेष्ठींचे हे नाव. या नगरांच्या पाठीशी असलेल्या डोंगरावर दाटीची गरीब वस्ती आहे. १२ जुलै २००० रोजी आझादनगरावर दरड कोसळून साठहून अधिक माणसे दगावली. २०१४ पासून मेट्रोने असल्फ्याहून जाताना डोंगरावरील घरे आपण रोज पाहतो. पावसाळ्यात तेथील कुटुंबे कुठे जातात, हे विचारणारे आपल्यात थोडे.

सुवर्णमहोत्सवी निधीतून स्वागतकमानी आणि रोषणाई होईलच. त्यातील काही वाटा चातुर्मासाच्या चार महिन्यांत या कुटुंबांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी राखून ठेवावा, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. चातुर्मासात साधू-साध्वींच्या निवासाची व्यवस्था आपण दरवर्षी चोख करतोच. त्याचा अनुभव येथेही कामी येईल.