कौशल्य कोणाविरुद्ध?

१९९६ साली लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचं कूळ, वजन, जॉकी, आधीच्या शर्यती, हे अभ्यासता येतं ना! बरोबरच आहे. पण हे कौशल्य कोणाविरुद्ध? १८६०च्या दशकात जोसेफ ओलेरने पॅरिसमध्ये काढलेली पद्धतच आपल्या महालक्ष्मीच्या टोटवर चालते. सगळ्यांचे पैसे एकत्र, त्यातून कर आणि क्लबचा वाटा आधी कापायचा, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटायचं. म्हणजे तुमचा सामना शेजारच्या पंटरशी. जे सगळ्यांनाच कळलंय, त्याला भाव कुठून मिळणार? शनिवार-रविवारचा सगळ्या पंटरांचा हिशेब एकत्र मांडा, टोटवर तो तोट्यातच निघतो. कायद्यातलं ‘कौशल्य’ म्हणजे घरखर्चाची हमी नव्हे.