कंपनी, साहेब आणि सोबत

जिवतीच्या बाजारात 'कंपनी' हा इंग्रजी शब्द दोन तऱ्हांनी कानावर पडतो. एखादी म्हातारी सांगते, 'पोरगा कंपनीत लागला.' म्हणजे डोंगराखाली, गडचांदूरकडच्या सिमेंट कारखान्यात. आणि चहाच्या टपरीवर तिचाच नातू दोस्ताला म्हणतो, 'चल ना, जरा कंपनी दे.' या दुसऱ्या वाक्यात ना नोकरी, ना पगार; नुसतं शेजारी बसायचं. न पिणारा माणूसही पिणाऱ्याला कंपनी देऊ शकतो, हे आपण जाणतोच.

हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदतात? शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. 'कोम' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे रोटी. रोटी वाटून खाणारे ते सोबती, आणि त्यांचा मेळा ती कंपनी. याच 'पानिस'चं पोर्तुगीज रूप आपल्याकडे आलं आणि 'पाव' झालं. म्हणजे वडापावातला पाव आणि कंपनीतला 'पनी' हे भाऊ-भाऊच आहेत.

गंमत इथवर ठीक. पुढे इतिहास आहे. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने लंडनच्या काही व्यापाऱ्यांना पूर्वेकडच्या व्यापाराची सनद दिली. मिळून पैसा घालणारे, नफा-तोटा वाटून घेणारे असे हे सोबती. १६६८मध्ये त्यांना मुंबई मिळाली, वर्षाला दहा पौंड भाड्याने. पुढे त्यांच्या राजवटीला आपल्या लोकांनी नाव दिलं 'कंपनी सरकार'. रोटी वाटून घेणाऱ्यांचं सरकार! वाटणीला आला तो आपला मुलूख.

डिसेंबर १८५३मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. औरस वारस नाही म्हणून डलहौसीने राज्य खालसा केलं आणि चांदा कंपनीकडे गेला. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके १८५८मध्ये उठले. आता तारखा पाहा. कंपनीचा कारभार संपवणारा कायदा लंडनच्या पार्लमेंटने २ ऑगस्ट १८५८लाच केला होता. बाबुरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली २१ ऑक्टोबरला. राणीचा जाहीरनामा वाचला गेला १ नोव्हेंबरला. कागदावर कंपनी संपली होती, तिचा दोर मात्र शाबूत होता. बाबुरावांचं वय तेव्हा अवघं पंचवीस.

जिवतीचा डोंगर कंपनीच्या मुलखात नव्हता. वर्धा नदीच्या अलीकडे, राजुऱ्याच्या बाजूला, निजामाचं राज्य. पण निजाम कोण? कंपनीचा मित्र. १७९८च्या तैनाती फौजेच्या तहाने ही मैत्री पक्की झाली, आणि पुढे फौजेच्याच थकलेल्या खर्चापोटी १८५३मध्ये निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. तरी सातव्या निजामाला 'वफादार दोस्त' हा किताब मिळाला तो इंग्रजांकडूनच. नदीच्या एका काठावर कंपनी, दुसऱ्या काठावर तिचा दोस्त. जंगलातल्या गोंड-कोलामांना या दोस्तीतून काही सोबत मिळाली, असं मला तरी दिसत नाही. राजुरा १९५६मध्ये हैदराबाद राज्यातून निघून नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९मध्ये चांदा जिल्ह्यात.

या कंपनीच्या माणसाला आपण काय म्हणालो? साहेब. शब्द अरबी, आणि त्याचाही मूळ अर्थ सोबतीच! मालक, धनी हे अर्थ मागाहून चिकटले. पैगंबरांच्या सोबत्यांना 'सहाबा' म्हणतात, तो शब्द याच धातूचा. 'सोहबत' त्याच धातूतून आला आणि फारसीच्या वाटेने मराठीत येऊन 'सोबत' झाला. आमच्या घरी सोहबत म्हणत, शाळेत सोबत. मला दोन्ही आपलेच. दोन भाषांतले दोन सोबती, कंपनी आणि साहेब, आपल्या डोक्यावर जाऊन बसले. 'सोबत' तेवढी शेजारी बसून राहिली.

कंपनीची थोडी लाज राखली ती नाटकवाल्यांनी. 'नाटक कंपनी' म्हणताना मराठी माणसाला भागभांडवल आठवत नाही. बिऱ्हाड आठवतं, सामानाच्या पेट्या आठवतात, आणि नट, पेटीवाला, पडदे ओढणारा यांची एकत्र पंगत आठवते. आमच्या झाडीपट्टीत वडशाच्या नाटक कंपन्या आजही दिवाळीनंतर गावोगाव फिरतात, रात्र-रात्र जागवतात.

जिवतीच्या डोंगरावर गोंड आणि कोलाम आधीपासूनचे. १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबं इथे येऊन राहिली. गोंडी, कोलामी, बंजाऱ्यांची गोरमाटी, मराठी, तेलुगू, उर्दू, सगळ्या एकाच बाजारात चालतात. पीक उभं असलं की रात्री शेतावर जागलीला जावं लागतं. रानडुकरं येतात, वाघाचीही धास्ती असते. एकटं जायला कुणी धजत नाही. शेजाऱ्याला हाक जाते ती 'सोबत ये' अशी. तिथे 'कंपनी दे' म्हटलेलं मी ऐकलं नाही. जिवाला घोर असेल तिथे सोबत, वेळ घालवायचा असेल तिथे कंपनी, अशी वाटणी बोलणाऱ्यांनी आपसूक करून टाकली आहे.

आणि कारखान्याची ती कंपनी? या डोंगरांच्या पोटात चुनखडी आहे, म्हणून ती आली. कायम नोकरी थोड्यांना, बाकीचे ठेकेदाराच्या हाताखाली. तरी ठेक्यावरचा पोरगाही गावात 'कंपनीत आहे' असंच सांगतो. डबा तो घरून नेतो. जेवणाच्या सुट्टीत चौघं-पाचजण सावली बघून बसतात, डबे मधोमध ठेवतात, आणि मग ज्याची भाजी त्याची राहत नाही.