सीझरच्या मित्राचे पत्र

मैत्री हा शब्द आपण घरगुती अर्थाने वापरतो. प्राचीन रोममध्ये तो राजकारणातलाही शब्द होता. ‘आमिकितिया’ या त्यांच्या शब्दात जिव्हाळा होताच. पण निवडणुकीत पाठीशी उभे राहणे, न्यायालयात बाजू घेणे, कर्ज मिळवून देणे, शिफारस करणे हेही त्यातच येई. आजच्यासारखे बांधीव पक्ष तेव्हा नव्हते. माणसे माणसांना धरून असत, आणि माणूस दूर गेला की हे धरून राहणे पत्रांवर चाले.

खासगी पत्रांसाठी टपालखाते नव्हते. पपायरसवर किंवा मेण लावलेल्या लाकडी पाट्यांवर मजकूर लिहायचा आणि आपल्या गुलामाच्या, नाहीतर त्या बाजूला निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती द्यायचा. सीझर ब्रिटनच्या मोहिमेवर होता तेव्हा त्याचे पत्र रोमला पोचायला चार आठवडे लागत. वाटेत कोणी फोडून वाचेल ही धास्ती वेगळीच.

या पत्रांतली सर्वांत मोठी ठेव सिसेरोची. तो वकील, वक्ता, इ. स. पू. ६३ मध्ये रोमचा कॉन्सल. त्याच्या पत्रव्यवहारातली सुमारे नऊशे पत्रे आज उपलब्ध आहेत. मला लॅटिन येत नाही, मी ती इंग्रजी भाषांतरातून वाचली. निम्म्याच्या आसपास पत्रे अ‍ॅटिकस या जुन्या मित्राला आहेत. अ‍ॅटिकसने कधी पद घेतले नाही, पैसा राखला आणि सगळ्यांशी सलोखा ठेवला. त्याला लिहिताना सिसेरो मनातले काही म्हणजे काही लपवत नाही. भीती, हेवा, पैशाची ओढाताण, लेक गेल्याचे दुःख, सगळे त्यात आहे.

इतरांना लिहिताना मात्र तो सावध असे. इ. स. पू. ४४ च्या १५ मार्चला सीझरचा खून झाला. पुढच्याच महिन्यात मार्क अँटनीने एका हद्दपार माणसाला परत आणण्यासाठी पत्राने सिसेरोची संमती मागितली. सिसेरोने साखरेत घोळलेले उत्तर धाडले. त्याची नक्कल अ‍ॅटिकसला पाठवली आणि सोबतच्या पत्रात अँटनीवर भरपूर तोंडसुख घेतले! सप्टेंबरात दोघांचे फाटले, तेव्हा अँटनीने ते गोड पत्र सेनेटमध्ये वाचून दाखवले. मित्राची खासगी पत्रे चव्हाट्यावर आणली तर दूरच्या माणसांनी एकमेकांशी बोलायचे तरी कसे, असा सिसेरोचा जबाब होता. जबाब बिनतोड आहे. फक्त त्या पत्रातला गोडवा खोटा होता, हे आपल्याला त्याच्याच दुसऱ्या पत्रातून कळते.

पण मला सांगायचे आहे ते एका वेगळ्या पत्राबद्दल. ते सिसेरोने लिहिलेले नाही, त्याला आलेले आहे.

गायस मॅटियस हा सीझरचा जवळचा मित्र. खुनानंतर तो उघडपणे शोक करीत राहिला. सीझरच्या विजयाप्रीत्यर्थ तरुण ऑक्टेव्हियनने भरवलेल्या खेळांच्या व्यवस्थेतही त्याने हातभार लावला. रोममध्ये कुजबुज सुरू झाली: हा हुकूमशहाचा माणूस, याला देशापेक्षा दोस्ती मोठी. सिसेरोही बोलणाऱ्यांत होता. एप्रिलमध्ये तो मॅटियसकडेच मुक्कामाला राहिला होता, आणि अ‍ॅटिकसला लिहिताना त्याला टकल्या म्हणून मोकळा झाला होता. ट्रेबॅटियस या सामाईक मित्राकडून हे बोलणे मॅटियसच्या कानावर गेले. सिसेरोने लगेच लांबलचक, सभ्य पत्र लिहिले. जुनी मैत्री आठवली आणि शेवटी हळूच सुचवले की सीझर राजाच झाला असेल, तर तुझ्या वागण्याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येईल. वकीलच तो.

मॅटियसचे उत्तर सरळ आहे. तो लिहितो, यादवी युद्धाचे कारण मला कधीच पटले नव्हते, ते टळावे म्हणून मी धडपडलोही. पण मित्राला सोडले नाही. त्याच्या विजयातून मी पद घेतले नाही, पैसा घेतला नाही, उलट त्याच्या एका कायद्याने माझे नुकसानच झाले. हरलेल्यांना जीवदान मिळावे म्हणून मी खटपट केली. मग ज्याने ते दिले त्याच्या मरणाचे मला वाईट का वाटू नये? आणि मग तो सर्वांत धारदार गोष्ट बोलतो. भीती, आनंद, दुःख आपल्या मनाप्रमाणे बाळगण्याची मोकळीक गुलामांनाही असते. स्वातंत्र्य आणले म्हणणारे हे लोक आमच्याकडून तीच काढून घेऊ पाहतात.

सीझरबद्दल मला ममत्व नाही. प्रजासत्ताक मोडायला त्याने हातभार लावला. तरी हे पत्र वाचताना मी मॅटियसच्या बाजूला सरकतो. कोणाच्या मरणावर डोळे पुसावेत हे दुसऱ्याने ठरवायचे, ही गोष्ट माणसाला फार खोल लागते. गंमत अशी की त्याच वर्षी सिसेरोने मैत्रीवर एक ग्रंथ लिहून अ‍ॅटिकसला अर्पण केला. मित्रासाठी देशाविरुद्ध जाऊ नये, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. ग्रंथ सुंदर आहे. पण त्यातल्या मित्रांची अशी परीक्षा कोणी घेतलेली नाही.

इ. स. पू. ४३ च्या ७ डिसेंबरला अँटनीच्या माणसांनी सिसेरोला ठार केले. अँटनीविरुद्धची भाषणे लिहिणारा हात आणि शिर रोमच्या भाषणपीठावर टांगले गेले. अ‍ॅटिकस मात्र वाचला. अँटनी अडचणीत असताना त्याने त्याच्या बायकोला मदत केली होती, आणि अँटनी ते विसरला नाही. अ‍ॅटिकसने सिसेरोला लिहिलेली पत्रे आज नाहीत. मॅटियसचे ते उत्तर सिसेरोच्या दप्तरात राहिले, म्हणून आपल्यापर्यंत आले.