माशी वारणे ते माशी मारणे : खानदेशी घरातल्या एका बिननावाच्या वस्तूचा इतिहास

घरातल्या वस्तूंबद्दल आपण बोलतो आहोत, आणि आज अशी वस्तू घेतली आहे जिला धड नावही नाही. जळगावला किंवा धुळ्याला प्लास्टिकच्या दुकानात जाऊन ती मागायची झाली तर कुणी म्हणतं ‘माशी मारायची जाळी’, कुणी म्हणतं ‘माशी मारायची बॅट’, आणि कुणी नुसता हाताने हवेत फटका मारून दाखवतं. दुकानदाराला बरोबर कळतं. खुंटीवरची एक काढून देतो. लांब दांडी, पुढे भोकं पाडलेला चौकोन, रंग बहुधा लाल नाहीतर हिरवा.

पाटा, सूप, उखळ, शिंकं, रवी यांना नावं आहेत, कारण त्या जुन्या आहेत. या वस्तूला स्वतःचं नाव नाही, कारण ती कालची आहे. मराठीत माशीसाठी जुनं क्रियापद ‘मारणे’ नव्हेच, ते ‘वारणे’. माश्या वारायच्या, म्हणजे हाकलायच्या. ‘माश्या मारत बसलाय’ असं आपण कुणाला म्हणतो? ज्याला काही काम नाही त्याला. म्हणजे आपल्या भाषेच्या हिशेबात माशी मारणं हा रिकामटेकडेपणा होता. मग तोच रिकामटेकडेपणा गृहिणीचं कर्तव्य कधी झाला? त्यासाठी ही वस्तू घरात यावी लागली. आज तेवढंच बघू.

सुरुवात अजिंठ्यापासून करू. लेणी आज संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी जळगावहून ती जास्त जवळ, जेमतेम साठ किलोमीटर. पाचव्या शतकातल्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात बुद्धमूर्तीच्या बाजूला, आणि चित्रांतल्या राजांच्या मागे, हातात चवरी घेतलेली माणसं दिसतात. चवरी म्हणजे चमरीच्या, याकच्या, शेपटीचा झुबका. याक हिमालयातला. तेव्हा तो झुबका शेकडो कोसांचा व्यापार करून दक्षिणेत येत होता, आणि काम काय? माशी वारणं. अर्थात पुढे तो मानाचं चिन्ह झाला. देवळात देवावर चवरी ढाळतात, तिथे माशी असो वा नसो. या चिन्हाचं वजन किती, याचं एक उदाहरण आपल्याकडचं नाही, पण सांगण्यासारखं आहे. 1827 मध्ये अल्जिअर्सच्या हुसेन देने फ्रेंच वकिलाला माश्या वारायच्या झुबक्याने फटकावलं. फ्रान्सने तो राष्ट्राचा अपमान ठरवला आणि 1830 मध्ये सैन्य उतरवून देश घेतला. कारणं अर्थातच दुसरी होती, उधारी-उसनवारीची होती. पण निमित्त झुबक्याचं झालं.

अजिंठ्याच्या त्या चित्रांत आम्हाला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. चवरी ज्याच्यासाठी असते त्याच्या हातात ती कधीच नसते. ती दुसऱ्याच्या हातात असते.

आता राजवाडा सोडून धाब्याच्या घरात या. तिथे चवरी कुठली! तिथे शिंदीच्या पानांचा विंझणा, लिंबाचा डहाळा, खांद्यावरचा पंचा, आणि सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं साधन म्हणजे लुगड्याचा पदर. बैलाला त्याची शेपटी आहे, शिवाय डोळ्यांवर सुताचे गोंडे बांधतात ते फक्त शोभेचे नाहीत. झोळीतल्या बाळाच्या तोंडावर मऊ जुनेराचा तुकडा. दूधदुभतं शिंक्यात, पुढे ऐपत आली तेव्हा जाळीच्या कपाटात.

आणि आखाजीचे दिवस आठवा. अक्षय्य तृतीया म्हणजे आपली आखाजी. वैशाखातलं ऊन, खापरावरचे मांडे, परातभर आमरस. रस आला की माशी आलीच. पुरुषांची पंगत बसली की घरातली एक सून किंवा पोर विंझणा घेऊन उभी. वारा घालायचा आणि माश्याही वारायच्या, एकाच हाताने. ती जेवायची शेवटी, आणि तेव्हा तिच्या ताटावर विंझणा धरायला कुणी नसायचं. अजिंठ्याच्या भिंतीवरचं नातं इथे स्वयंपाकघरात आलं, फक्त याकची शेपटी गेली. घरातल्या वस्तूंचा इतिहास लिहिताना वस्तू कशाची बनली हे आपण लिहितो, कुणाच्या हातात होती हे लिहायचं राहतं.

मारायचं का नाही, हा प्रश्नही लहान नव्हता. खानदेशातल्या बाजारपेठांच्या गावांत जैन व्यापारी घरं पुष्कळ, आणि महानुभाव पंथाची मुळंही इथे खोल आहेत. दोन्हीकडे अहिंसेचा आग्रह कडक. जैन साधूंचा ओघा, लोकरीच्या धाग्यांचा तो मऊ झुबका, जीव बाजूला सारण्यासाठीच असतो. अशा घरात माशीला फटका मारायची वस्तू भिंतीवर टांगणं म्हणजे तत्त्वालाच खिळा ठोकणं.

मग मारणं आलं कुठून? अमेरिकेतून. 1898 च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात अमेरिकी छावण्यांत विषमज्वराने माणसं पटापट मेली, गोळ्यांनी मेली त्यापेक्षा कितीतरी जास्त. डॉक्टरांना दिसलं ते असं : शौचाच्या चरांत चुना टाकलेला, आणि जेवणाच्या तंबूत अन्नावर फिरणाऱ्या माश्यांचे पाय पांढरे. चुन्याचे पाय! माशी शौचावरून थेट ताटात येते हे उघड्या डोळ्यांनी दिसलं. तोवर माशी नुसती त्रासदायक होती, आता ती गुन्हेगार ठरली.

1900 मध्ये रॉबर्ट माँटगोमेरी यांना तारेच्या जाळीच्या माशीमार साधनाचं पेटंट मिळालं. पाचेक वर्षांनी कॅन्सस राज्यात आरोग्य मंडळाचे डॉ. सॅम्युअल क्रम्बाइन यांनी ‘स्वॉट द फ्लाय’ ही मोहीम काढली. बेसबॉलच्या सामन्यातली ओरड ऐकून शब्द सुचले असं ते सांगत. त्याच राज्यातले फ्रँक रोझ नावाचे शाळामास्तर, त्यांनी मोजपट्टीच्या टोकाला जाळीचा तुकडा ठोकला आणि त्याला म्हटलं ‘फ्लाय बॅट’. क्रम्बाइननी नाव बदलून ‘फ्लाय स्वॉटर’ केलं, ते जगभर चाललं. पण आपल्या बाजारात गिऱ्हाईक ‘बॅट’ मागतं, म्हणजे नकळत मास्तरांचंच नाव वापरतं.

भोकं कशासाठी, हे पोरं विचारतात. माशीच्या अंगावरच्या केसांना हवेचा झोत कळतो. सपाट फळी किंवा घडी घातलेलं वर्तमानपत्र स्वतःच्या पुढे हवा ढकलत येतं, माशीला आगाऊ वर्दी मिळते. जाळीतून हवा निघून जाते. एवढंच त्यातलं यंत्रशास्त्र.

आता मुद्द्याची गोष्ट. एक मादी एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी घालते, अशा चार-पाच खेपा. आपल्या उन्हाळ्यात अंड्याची माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी घालायला जागा कोणती? उकिरडा, शेणाचा ढीग, उघडी गटार, उघड्यावरचा संडास. ओट्यावर बसून दिवसाला पन्नास माश्या मारल्या तरी उकिरड्याला पत्ता लागत नाही. आणि या सगळ्यात जातो कोण? हगवणीने लहान लेकरू.

हे ओळखणारे लोक खानदेशात होते. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू, बांबूची सजावट नंदलाल बोस यांची, आणि साने गुरुजी त्यासाठी राबत होते. आपण सजावटीबद्दल फार बोलतो. पण एवढी माणसं एका खेड्यात आणायची तर पहिला प्रश्न मैल्याचा असतो. चर खणायचा आणि प्रत्येकाने आपल्या मागे माती लोटायची, हा गांधींचा जुना आग्रह. त्या मूठभर मातीने जितक्या माश्या जन्मायच्या थांबतात तितक्या कुठल्याही बॅटने मरत नाहीत. आमचं स्पष्ट मत आहे की फटक्याची वस्तू लोकप्रिय झाली कारण ती स्वस्त होती आणि जबाबदारी घरातल्या बाईवर टाकत होती. गटार बांधणं महाग, आणि ते नगरपालिकेचं काम.

मध्ये डी.डी.टी.चा काळ येऊन गेला. 1953 पासून हिवतापाच्या कार्यक्रमात फवारणीवाले घरोघर आले, दारावर तारीख लिहून जायचे. हेतू डासांचा, पण लोकांना आवडलं ते ढेकूण आणि माश्या मरतात म्हणून. ते सुख टिकलं नाही. युरोपात तर 1940 च्या दशकातच डी.डी.टी.ला दाद न देणाऱ्या माश्या सापडल्या होत्या.

म्हणून बॅट राहिली. तार आणि लाकूड जाऊन प्लास्टिक आलं. ज्या जळगावात प्लास्टिकच्या चटयांचे एवढे कारखाने, तिथे ती परकी वाटायचं कारणच नव्हतं. 1990 च्या दशकात तैवानमध्ये विजेच्या रॅकेटचं पेटंट निघालं, ती आपल्याकडे डासांसाठी रुळली. तडतड आवाज येतो, पोरांना मजा वाटते. ताटाजवळ मात्र अजून साधी जाळीच लागते.

आणि जिलेबीच्या दुकानात हल्ली बघा, छोट्या मोटरीवर दोन पट्ट्या गरगर फिरत असतात. त्या मारत नाहीत, वारतात. पूर्वी तिथे फडकं हलवायला एक पोरगा बसवलेला असायचा.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुना विंझणा, चवरी किंवा तारेची जाळी असेल तर आम्हाला फोटो पाठवा. दांडी कशाची आहे, कुठल्या बाजारातून घेतली होती ते लिहा, आणि पंगतीच्या वेळी ती कोण धरायचं तेही लिहा. नाव नका लिहू, नातं लिहिलं तरी पुरे. चला, आता प्रश्न घेऊ.