ग्लासगोची एक चाल

घरात बुद्धिबळाचा पट असेल तर तो जवळ घेऊन हा लेख वाचावा. चारच मोहरे लागतील. पांढरा राजा बी ६ वर आणि पांढरे प्यादे सी ६ वर. काळा राजा ए १ च्या कोपऱ्यात आणि काळा हत्ती डी ५ वर. चाल पांढऱ्याची आहे आणि जिंकायचेही पांढऱ्याने आहे.

हे कोडे जगभर सावेद्राच्या नावाने ओळखतात. काही वर्षांपूर्वी मी एका लेखात बेधडक लिहिले होते, की सावेद्रा नावाच्या थोर खेळाडूने हा डाव खेळून जिंकला. मी कुठे शिकायला गेलो नाही. जे हाती येईल ते वाचून टिपणे काढत आलो. ते वाक्यही अशाच एका जुन्या टिपणातून उचलले होते. पुढे जुळवाजुळव करताना लक्षात आले, की त्यातला एकही शब्द खरा नाही. ही दुरुस्ती माझ्यावर उधार होती.

घडले ते असे. १८७५ साली लंडनमध्ये फेंटन आणि पॉटर या दोघांचा एक डाव बरोबरीत सुटला. त्यात पांढऱ्याला विजय होता, हे झुकरटोर्ट या मातब्बर खेळाडूने त्याच वर्षी दाखवून दिले. वीस वर्षांनी, मार्च १८९५ मध्ये, पॉटर वारले. त्यानिमित्ताने बार्बिए या स्तंभलेखकांना त्या डावाची आठवण झाली. ग्लासगोच्या एका साप्ताहिकात ते बुद्धिबळाचे सदर चालवत. आठवणीतून मांडताना डावाची मांडणी थोडी बदलली, आणि त्यातूनच त्यांनी नवे कोडे बेतले: चाल काळ्याची, आणि काळ्याने बरोबरी साधायची.

आता मोहरे हलवू. प्यादे सी ७ वर येते. हत्ती डी ६ वरून शह देतो. राजाने सी पट्टीत पाऊल ठेवू नये. ठेवले तर हत्ती डी १ वर उतरेल, आणि प्याद्याचा वजीर होताच सी १ वरून शह देऊन त्याला टिपेल. म्हणून राजा बी ५, बी ४, बी ३ असा एकेक घर खाली येतो आणि हत्ती प्रत्येक वेळी शह देत त्याच्या मागे लागतो. हत्ती डी ३ वर आला, की राजा सी २ वर जातो. आता शह संपले. हत्ती राजाच्या तोंडाशी आहे आणि प्यादे वजीर व्हायला टपले आहे. इकडे आड, तिकडे विहीर.

काळा मात्र हत्ती डी ४ वर नेतो. प्याद्याचा वजीर केला, तर हत्ती सी ४ वर येऊन शह देतो. वजिराने त्याला मारले, की काळ्या राजाला शहही उरत नाही आणि चालही उरत नाही. डाव बरोबरीत. बार्बिए यांचे उत्तर इथे संपत होते.

फर्नांडो सावेद्रा हे स्पॅनिश पाद्री तेव्हा ग्लासगोत राहत. खेळाडू म्हणून अगदी सामान्य. त्यांनी सुचवले: वजीर करू नका, हत्ती करा. आता ए ८ वरून मात होणार, म्हणून काळा हत्ती नाइलाजाने ए ४ वर आडवा येतो. मग पांढरा राजा शांतपणे बी ३ वर सरकतो. ही चाल शह देत नाही, काही मारतही नाही. पण तिच्यात दोन धाक आहेत. एक हत्तीला, दुसरा सी १ वरून मात. हत्ती वाचवावा तर मात, मात टाळावी तर हत्ती गेला. दोन्हींवर मिळून एकच उतारा नाही.

अशी कोडी सोडवताना मुलांना मी एक सवय लावतो. प्रत्येक चालीनंतर विचारायचे, ‘ही चाल पुढे काय काय करू शकते?’ उत्तर एकच आले, तर समोरच्याला बहुधा बचाव सापडतो. दोन आली, तर दोन्हींना एकच उतारा आहे का ते तपासायचे. शह आणि मारामारीच्या नादात अशी मुकी चाल नजरेतून सुटते. इथे तर तिच्याकडे जाणारी वाटच मोठा वजीर सोडून लहान हत्ती मागितल्यावर उघडते.

आपल्याकडच्या जुन्या देशी खेळात ही वाट निघालीच नसती. तिथे प्यादे ज्या पट्टीतून शेवटच्या घरी पोचे, त्या पट्टीचा मोहरा होई. सी पट्टीतले प्यादे उंटच झाले असते. काय व्हायचे ते खेळणाऱ्याने निवडायचे, या विलायती नियमामुळेच कमी मागून जास्त मिळवता आले.

सावेद्रांचे नाव या एका चालीवर राहिले. पण मला बार्बिए यांचेही ऋण मोठे वाटते. वाचकाचे पत्र बाजूला ठेवणे त्यांना सहज शक्य होते. चूक कुणाच्या ध्यानातही आली नसती. त्यांनी मे १८९५ मध्ये आपल्याच सदरात, आपल्या उत्तरापाठोपाठ, ती दुरुस्ती छापली. संपादकाचा कोतेपणा आडवा आला असता, तर हे कोडे बरोबरीचे म्हणूनच विसरले गेले असते.

माझी चूक वीस वर्षे कुणी दाखवली नाही, म्हणून ती खरी ठरत नाही. सावेद्रा थोर खेळाडू नव्हते, आणि हा डाव त्यांनी खेळला नव्हता. त्यांनी तो नीट पाहिला होता. माझ्या त्या जुन्या लेखाचे कात्रण कुणाकडे असेल, तर त्यावर एवढे लिहून ठेवावे ही विनंती.