कुंपणातलं भोक

आमच्या ऑफिसात वर्षातून दोनदा सुरक्षेचं ऑनलाइन ट्रेनिंग करावं लागतं. व्हिडिओ दुप्पट स्पीडवर लावायचा, शेवटच्या दहा प्रश्नांवर टिक करायचं, सर्टिफिकेट मॅनेजरला फॉरवर्ड करायचं, संपलं. ‘तुमच्या मागोमाग कुणी कार्ड न दाखवता आत शिरलं तर काय कराल?’ याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. आणि तरी रोज सकाळी कुणी ना कुणी मागच्यासाठी दार धरून उभं असतंच. ओळखीच्या माणसाच्या तोंडावर दार कोण आपटणार?

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका क्लायंटचा डेटा बाहेर सापडला. फार मोठा नव्हता, पण बाहेर होता. एका बंद मीटिंग रूममध्ये आम्हा चौघांना विचारलं गेलं, ‘टीममध्ये कुणाचं वागणं वेगळं वाटतं का?’ मी एक नाव घेतलं. त्याबद्दल शेवटी सांगतो. त्या दिवसानंतर मी लॉस अलामॉसबद्दल वाचायला लागलो, आणि ते वाचन काही थांबलं नाही. कारण हा प्रश्न माणसांनी अणुबॉम्ब बनवताना विचारला होता, आणि त्यांचंही उत्तर चुकलं होतं.

पत्ता : पी. ओ. बॉक्स १६६३

‘ओपेनहायमर’ सिनेमा बहुतेकांनी पाहिला असेल, त्यामुळे थोडक्यात. १९४३ च्या वसंतात अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, एका पठारावरच्या मुलांच्या शाळेच्या जागी गुप्त प्रयोगशाळा सुरू झाली. प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर. त्यांच्यावर सगळ्या मॅनहॅटन प्रकल्पाचे लष्करी प्रमुख लेस्ली ग्रोव्हज. हे आधी पेंटॅगॉनच्या बांधकामावर देखरेख करत होते. काम वेळेत उरकणारा, कडक, शास्त्रज्ञांच्या गप्पांना वैतागणारा माणूस.

सुरक्षेचे नियम आजच्या कुठल्याही कंपनीला लाजवतील असे होते. नव्या माणसानं सांता फे गावात १०९, ईस्ट पॅलेस अव्हेन्यू इथल्या साध्याशा ऑफिसात जायचं. तिथे डोरोथी मॅककिबिन नावाच्या बाई त्याला पास देऊन डोंगरावर पाठवत. वर राहणाऱ्या सगळ्यांचा टपालाचा पत्ता एकच, पी. ओ. बॉक्स १६६३. तिथे जन्मलेल्या बाळांच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून हाच बॉक्स नंबर आहे. ‘फिजिसिस्ट’ हा शब्द बाहेर उच्चारायचा नाही. नील्स बोर प्रवासात ‘निकोलस बेकर’ व्हायचे, एन्रिको फर्मी ‘हेन्री फार्मर’. येणारी-जाणारी पत्रं सेन्सॉरच्या हाताखालून जायची. भोवती कुंपण, त्याच्या आत टेक्निकल एरियाचं आणखी एक कुंपण, दारावर सैनिक.

आणि या कुंपणाला भोक होतं. तेव्हा पंचविशीतला असलेला रिचर्ड फाइनमन फिरायला गेला असताना त्याला ते दिसलं. बाहेरून कामाला येणारे मजूर लांबचा फेरा टाळायला तिथून ये-जा करायचे. फाइनमन मुख्य दारातून बाहेर पडला, भोकातून आत आला, पुन्हा दारातून बाहेर, पुन्हा भोकातून आत. हा माणूस नुसता बाहेरच कसा जातोय, हे कळायला पहारेकऱ्याला बऱ्याच फेऱ्या लागल्या.

कप्पेबंदी

ग्रोव्हजच्या मते सुरक्षेचा गाभा कुंपण नव्हतं. गाभा होता कप्पेबंदी. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतं कळलं पाहिजे, त्यापलीकडे एक अक्षर नाही. आमच्या क्षेत्रात आज हेच तत्त्व आहे, गरजेपुरताच अ‍ॅक्सेस. ते मी स्वतः लोकांना समजावून सांगत आलोय.

पण लॉस अलामॉसमध्ये ते जसंच्या तसं चाललं नाही. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड कॉंडन सहयोगी संचालक म्हणून आले आणि या धोरणाला कंटाळून साधारण सहा आठवड्यांत राजीनामा देऊन गेले. ओपेनहायमरनं मधला मार्ग काढला. बाहेरच्या जगाशी पूर्ण बंदी, पण आत पांढरा बिल्ला असलेल्या शास्त्रज्ञांना सगळं खुलं. दर आठवड्याला सगळ्यांसमोर कामाची चर्चा. ग्रोव्हजना हे पसंत नव्हतं, पण बॉम्ब लवकर हवा असेल तर डोकी एकत्र यायला हवीत, हे त्यांनाही टाळता येईना.

कप्पे कडक ठेवल्यावर काय होतं, याचे दोन किस्से फाइनमननं सांगितलेत. दोन्ही मी आमच्या टीममध्ये इतक्यांदा सांगितलेत की लोक आता माझ्याआधी वाक्य पूर्ण करतात.

पहिला ओक रिजचा. टेनेसीतल्या या कारखान्यात युरेनियम शुद्ध होत होतं, पण ते हाताळणाऱ्यांना बॉम्ब कसा चालतो याची कल्पना नव्हती. एमिलिओ सेग्रे पाहणीला गेले आणि हादरले. पाण्यात न्यूट्रॉनचा वेग मंदावतो, त्यामुळे पाण्यातल्या द्रावणात कोरड्यापेक्षा खूप कमी युरेनियमही साखळी अभिक्रिया सुरू करू शकतं. ही गोष्ट तिथे कुणालाच ठाऊक नव्हती. गुपित इतकं नीट राखलं होतं की कारखाना स्वतःच धोक्यात आला होता. शेवटी फाइनमनला पाठवून तिथल्या लोकांना सगळं समजावून सांगावं लागलं.

दुसरा किस्सा आपल्या बिरादरीचा. आयबीएमच्या पंचकार्ड यंत्रांवर आकडेमोड करायला सैन्यातली तरुण मुलं आणली होती. इंजिनिअरिंगकडे कल असलेली, हुशार. पण त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. कार्डं घाला, आकडे काढा, बस. कामाचा वेग रडतखडत. फाइनमननं आग्रह धरला, ओपेनहायमरनं परवानगी मिळवली, आणि मुलांना सांगितलं गेलं की तुम्ही काय मोजताय. त्यानंतर ती रात्री जागायला लागली, स्वतःच नव्या पद्धती शोधायला लागली. आधी नऊ महिन्यांत तीन गणितं झाली होती. नंतर तीन महिन्यांत नऊ झाली.

पाचांतली एक तिजोरी

फाइनमनचा तिसरा उद्योग म्हणजे तिजोऱ्या उघडणं. गुप्त कागदांच्या कपाटांची कुलुपं किती कच्ची आहेत हे तो दाखवत फिरायचा. ओक रिजला त्यानं एका कर्नलचं भक्कम कुलूप त्याच्यादेखत उघडलं आणि युक्ती सांगितली. कपाट उघडं असताना कुलपाशी खेळलं की नंबराचे आकडे हाताला लागतात, म्हणून काम करताना कपाट उघडं ठेवू नका. कर्नलनं काय करावं? त्यानं फर्मान काढलं, फाइनमन ज्यांच्या ऑफिसात किंवा आसपास येऊन गेला असेल त्यांनी आपले नंबर बदलावेत. कपाटं उघडी ती उघडीच. पुढच्या वेळी फाइनमन दिसला की लोक ओरडायचे, इकडे येऊ नकोस!

ज्यांनी कधी एखादा सिक्युरिटी बग रिपोर्ट केलाय, त्यांना हा कर्नल ओळखीचा वाटेल.

युद्धानंतरची गोष्ट तर याहून भारी. एका कॅप्टननं हट्टानं मागवलेली मोठी तिजोरी तिथल्या कुलूपवाल्यानं सहज उघडली. फाइनमन थक्क. ओळख वाढवून विचारलं तेव्हा कुलूपवाला म्हणाला, तिजोऱ्या कारखान्यातून ठरावीक दोन नंबरांवर येतात, त्यातला एक लावून पाहिला. कॅप्टननं तो कधी बदललाच नव्हता. मग फाइनमननं तेच दोन नंबर इमारतभर लावून पाहिले. साधारण पाचांतली एक तिजोरी उघडली.

जी माणसं आत होती

एवढं सगळं करून रशियाला काय कळलं? जवळजवळ सगळं. आणि ते भोकातून गेलं नाही, तिजोरी फोडूनही गेलं नाही. मराठीत म्हण आहे, कुंपणच शेत खातं.

क्लाउस फुक्स. जन्म जर्मनीत, १९११. कम्युनिस्ट म्हणून १९३३ मध्ये नाझींपासून पळून इंग्लंडला आला. १९३४ मध्येच ब्रिटिशांना त्याच्या कम्युनिस्ट असण्याबद्दल माहिती मिळाली होती, पण ती नाझी सरकारच्या वकिलातीकडून आलेली, म्हणून तिला फारसं वजन दिलं गेलं नाही. १९४४ च्या ऑगस्टमध्ये तो ब्रिटिश पथकातून लॉस अलामॉसला पोचला. त्याची चौकशी ब्रिटिशांनी केली आहे, असं अमेरिकनांनी मान्य केलं. शांत, कामसू, सहकाऱ्यांची मुलं सांभाळणारा अविवाहित माणूस. जून १९४५ मध्ये फाइनमनची बायको अल्बुकर्कीच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा तो फुक्सचीच गाडी घेऊन तिच्याकडे धावला. त्याच महिन्याच्या २ तारखेला फुक्सनं सांता फेमधल्या एका पुलाजवळ हॅरी गोल्ड नावाच्या निरोप्याला प्लुटोनियम बॉम्बची माहिती दिली होती.

थिओडोर हॉल. हार्वर्डचा विद्यार्थी. १८ व्या वर्षी लॉस अलामॉसला आला आणि त्याच वर्षी रजेवर न्यूयॉर्कला गेला असताना स्वतःहून रशियनांचं दार ठोठावलं.

डेव्हिड ग्रीनग्लास. सैन्यातला यंत्रकामगार, एथेल रोझेनबर्गचा भाऊ. त्याच्याकडे कच्ची रेखाटनं होती.

आता कप्पेबंदीचा हिशेब लावून बघा. ग्रीनग्लासच्या बाबतीत ती चालली, त्याला फारसं माहीतच नव्हतं. पण फुक्सचं कामच मुळी स्फोटानं प्लुटोनियमचा गोळा आत दाबण्याचं गणित करणं हे होतं. हॉलही त्याच विषयाच्या प्रयोगांवर होता. ग्रोव्हजची सगळ्यात कडक भिंत उभी केली असती, तरी ही दोघं भिंतीच्या आतच असती. दोघांनाही फार पैसा नको होता. एका देशाकडेच हा बॉम्ब असू नये, असं हॉलला वाटत होतं. फुक्सची निष्ठा आधीपासूनच दुसरीकडे होती. ‘लालच दिसली तर कळवा’ असं ट्रेनिंगमध्ये सांगतात, त्या चाळणीत यातलं कुणी अडकलं नसतं.

२९ ऑगस्ट १९४९ ला रशियानं पहिला अणुस्फोट केला. रचना अमेरिकन बॉम्बच्याच धर्तीवर होती.

चूक समोरच्यांचीही

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते पुढच्या भागानं. फुक्सनं १९५० च्या जानेवारीत कबुली दिली. त्याच्यावरून हॅरी गोल्ड सापडला. आणि गोल्डनं जून १९४५ च्या त्याच फेरीत, फुक्सला भेटल्याच्या दुसऱ्या दिवशी, अल्बुकर्कीला ग्रीनग्लासकडूनही कागद घेतले होते. एकच निरोप्या दोन हेरांना भेटला. ज्या कप्पेबंदीवर हेरखात्याचा सगळा धंदा चालतो, ती रशियनांनी स्वतःच मोडली होती, बहुधा एक फेरी वाचवायला. गोल्डवरून ग्रीनग्लास, ग्रीनग्लासवरून ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग. १९ जून १९५३ ला नवरा-बायकोला विजेच्या खुर्चीवर मृत्युदंड दिला गेला. मुख्य माहिती देणाऱ्या फुक्सला इंग्लंडमध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली आणि १९५९ मध्ये तो सुटलाही.

हॉलसाठी वेगळी निरोप्या होती, लोना कोहेन. ती साखळी सुटी राहिली. एफबीआयनं १९५१ मध्ये हॉलची चौकशी केली, पण त्याच्यावर खटला कधीच झाला नाही. १९९५ मध्ये जुने उलगडलेले रशियन संदेश जाहीर झाले तेव्हा जगाला त्याचं नाव कळलं. १९९९ मध्ये तो केंब्रिजमध्ये वारला.

ज्यांच्यावर संशय गेला

फुक्स पार्ट्यांना येत-जात होता तेव्हा सुरक्षा खातं कुणाच्या मागावर होतं? जोसेफ रॉटब्लाट हा पोलिश शास्त्रज्ञ एक. जर्मनी बॉम्ब बनवत नाहीये हे कळल्यावर १९४४ च्या अखेरीस तो विवेकाला स्मरून प्रकल्प सोडून निघाला, तर त्याच्यासमोर हेरगिरीची फाइल ठेवली गेली. आरोप त्यानं खोडून काढले, पण त्याच्या कागदपत्रांची पेटी प्रवासात गायब झाली ती झालीच. पुढे १९९५ मध्ये त्याला शांततेचं नोबेल मिळालं. दुसरे खुद्द ओपेनहायमर. वर्षानुवर्षं पाळत, आणि १९५४ मध्ये सुरक्षा परवाना रद्द. चौकशी मंडळानं त्यांना देशनिष्ठ म्हटलं, तरीही. अमेरिकन सरकारनं तो निर्णय चुकीचा ठरवून मागे घेतला २०२२ च्या डिसेंबरमध्ये. ओपेनहायमर १९६७ मध्येच गेले होते.

दोघांमध्ये समान गोष्ट एकच. ते उघडपणे वेगळे वागले. फुक्स वेगळा वागला नाही.

आता माझं. मी ज्याचं नाव घेतलं तो कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा होता. उशिरापर्यंत थांबायचा, जेवायला आमच्यात बसायचा नाही, कुणी जवळ आलं की स्क्रीन बदलायचा. मी खोटं काहीच बोललो नाही, जे दिसलं ते सांगितलं. दुसऱ्या सोमवारी तो प्रोजेक्टवर नव्हता. तीन आठवड्यांनी कारण सापडलं. एका टेस्ट सर्व्हरचा पासवर्ड सेटअपच्या दिवसापासून बदललेला नव्हता. तो सर्व्हर उभा करणाऱ्यांत मीही होतो. रिपोर्टमध्ये पासवर्डचा उल्लेख आला, त्या मुलाचा आला नाही. त्याला कुणी परत बोलावलंही नाही.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी त्याला फोन केला. तो आता दुसरीकडे आहे, बरा आहे. उशिरा का थांबायचास, विचारलं. म्हणाला, “रूमवर वायफाय नव्हतं रे, परीक्षेचा अभ्यास करायचो. स्क्रीनवर तेच असायचं.” मग मी सांगितलं की नाव मी घेतलं होतं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. “तुमच्या चौघांपैकी कुणीतरी असणार, एवढं कळलं होतं.”

“मग तेव्हा काही बोलला का नाहीस?”

“कुणाशी बोलणार? सकाळी आलो तर कार्डच चालेना.”