व्हिएन्नाचा चित्रकार, मुंबईचा पावसाळा

हिटलरने १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यानंतर वॉल्टर लँगहॅमर हा व्हिएन्नाचा चित्रकार आपल्या ज्यू पत्नीसह मुंबईत आला. परमुलखातल्या कलावंताला आधी हवापाणीच बाधते, असे आपण धरून चालतो. मुंबईच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, जलरंगाचा हात तासन्‌तास वाळत नाही, तेव्हा ते अगदीच खोटे नाही. पण लँगहॅमरचे बस्तान बसले ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’तल्या कला संचालकाच्या नोकरीमुळे आणि घरी जमणाऱ्या माणसांमुळे. गोऱ्या कातडीला तेव्हाच्या मुंबईत दारे लवकर उघडत, हा आक्षेप रास्तच आहे. निर्वासित असूनही तो साहेबच होता. मात्र दार उघडल्यावर त्याने ते रझा, आरा अशा तरुण चित्रकारांसाठी उघडे ठेवले. समीक्षक रूडी फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर हे दोघेही त्याच्यासारखेच युरोपातून आलेले. एकाने या मुलांवर लिहिले, दुसऱ्याने त्यांची चित्रे विकत घेतली.

म्हणून या तरुण कलावंतांचा १९४७ चा ‘प्रोग्रेसिव्ह’ गट या परक्यांनी घडवला, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे. सूझा, रझा, बाकरे जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले होते, आरा तर स्वयंशिक्षित. बंडाची खुमखुमी त्यांची स्वतःचीच होती. परक्यांकडून मिळाली ती दाद, युरोपातल्या चित्रांची ओळख आणि गिऱ्हाईक. त्यांतले गिऱ्हाईक कलेच्या इतिहासात फार कमी मोजले जाते. १९५० मध्ये रझा फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला, आणि परमुलखात रुळण्याची पाळी आता त्याची होती.